विज्ञानकथा म्हणजे काय पोरखेळ वाटला का?

दर वेळी तेच! फोंड्याकडच्या एका लायब्ररीत विज्ञानकथा मागितली की काउंटरवरचे काका मान वर न करता म्हणतात, "बालविभागात बघा." म्हणजे सगळ्यात खालचा कप्पा, चित्रं रंगवायच्या वह्यांखाली, आणि पावसाळ्यात ओल धरून पानं अशी चिकटलेली की सोडवताना फाटतात, जीव तुटतो हो.

अरे, आर्थर क्लार्कने १९४५ मध्ये गणित मांडलं की विषुववृत्तावर साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, खालून बघणाऱ्याला एकाच जागी दिसेल, आणि असे तीन ठेवले की जवळपास अख्ख्या जगाशी बोलता येईल, आणि तेव्हा एकसुद्धा उपग्रह वर गेला नव्हता, पहिला गेला १९५७ ला! तो लेख होता, गोष्ट नव्हती, मान्य, पण लिहिणारा विज्ञानकथावालाच ना. आज घरोघरी डिशची छत्री तिकडेच तोंड करून बसलीय.

रोबो हा शब्दसुद्धा १९२० च्या एका चेक नाटकातला. आणि नारळीकर? खगोलशास्त्रज्ञ माणूस, त्यांची पुस्तकं परीकथांच्या गठ्ठ्यात!

गेल्या आठवड्यात मी स्वतः दोन पुस्तकं उचलून कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवली. आज बघतो तर परत खाली.