एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या दोन घड्याळांबद्दल

महोदय,

नागपूरच्या सीताबर्डीतील आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला अभिप्रायात एकच तारा देताना आपण लिहिले आहे की, आपले लाखोंच्या किमतीचे स्विस घड्याळ आम्ही एका जुन्या ‘एचएमटी जनता’सोबत एकाच ट्रेमध्ये ठेवले, आपल्याला पाऊण तास ताटकळत ठेवले आणि शेवटी ३०० रुपये घेऊन मोकळे झालो, यावरून ‘या दुकानाला उंची वस्तूंची पारख नाही’. पाऊण तास थांबावे लागले ही चूक सर्वस्वी आमची आहे. किती वेळ लागेल हे आधीच सांगायला हवे होते. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पारखीचा विषय मात्र मला सोडून देता येत नाही.

आपले घड्याळ दिवसाला सुमारे ५० सेकंद पुढे जात होते. आतली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग लोहचुंबकाने भारली गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात, तिची कामाला येणारी लांबी कमी होते आणि घड्याळ धावू लागते. हा परिणाम उतरवायला दोन मिनिटे पुरतात आणि त्यासाठी मशीन उघडावेही लागत नाही. घड्याळ महागडे आहे म्हणून ते उगाच उघडून, तेलपाणी केल्याचे सांगून मोठे बिल लावणे मला पटले नाही.

आता त्या दुसऱ्या घड्याळाविषयी. एचएमटीने १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ हे त्यांचे रोज चावी द्यावे लागणारे, १७ ज्वेलचे (म्हणजे झीज कमी व्हावी म्हणून आत बसवलेल्या १७ खड्यांचे) साधे घड्याळ. ते घेऊन आलेले अजनीचे निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, “रात्री चावीची बाजू खाली करून ठेवलं तर सकाळपर्यंत वीस सेकंद मागे पडते, डायल वर करून ठेवलं तर पडत नाही.” बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे फिरून घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकाचा, तोल किंचित गेला की नेमके असेच होते. आपल्या घड्याळासोबत क्रोनोमीटरचा, म्हणजे अचूक वेळ दाखवत असल्याचा, जो दाखला आहे, तो देण्यापूर्वी स्वित्झर्लंडमधील संस्था प्रत्येक मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. या गृहस्थांनी त्याच परीक्षेचा एक भाग आपल्या घरातल्या टेबलावर, कोणीही न सांगता, केला होता. माझ्या लेखी रसिक म्हणतात तो याला. त्यांचे घड्याळ आपल्या घड्याळाशेजारी ठेवण्यात आपला काही कमीपणा झाला असे मला अजूनही वाटत नाही.

त्या दिवशी बॅटरीचे घड्याळ घ्यायला आलेल्या एका विद्यार्थिनीला आपण “हे काही घड्याळ नव्हे” असे म्हणालात आणि मी सर्वांसमोर आपल्याला अडवले. माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. म्हणणे मात्र तेच आहे. जगातले पहिले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर कंप पावणाऱ्या स्फटिकाने चालणारे, मनगटी घड्याळ सेइको या जपानी कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आणले, तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन होती, म्हणजे त्या काळी तिथे एक मोटार आली असती. पुढे ते तंत्र स्वस्त झाले म्हणून ते हलके ठरत नाही. आपल्या घड्याळाचे बॅलन्स व्हील सेकंदाला आठ ठोके देते, ‘जनता’चे पाच, आणि त्या मुलीच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तिघांचीही कारागिरी पाहण्यासारखी आहे, आणि आपले घड्याळ तर फारच सुंदर आहे. त्याच्या पुलांच्या, म्हणजे आतली चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा हाताने घासलेल्या आहेत, त्या मी मागच्या काचेतून भिंग लावून बराच वेळ पाहत होतो. त्याविषयी आपल्याशी बोलायची इच्छा होती, पण आपण किमतीवरच थांबलात.

यापुढे प्रत्येक ग्राहकाला लागणारा वेळ आणि अंदाजे खर्च चिठ्ठीवर लिहून देऊ. ट्रे मात्र एकच राहील. पावसाळ्यापूर्वी घड्याळाचे वॉटरप्रूफ रबर तपासून घ्यावे, ती तपासणी मी विनामूल्य करीन. आणि आपल्या मोबाइलच्या पाकिटाच्या झाकणाला लोहचुंबक आहे. रात्री घड्याळ त्यावर काढून ठेवू नये, नाहीतर ते पुन्हा पुढे धावू लागेल.