‘65 ला आवळा, ग्रुप अर्धा होतो’ म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकेत हरणांचा सीझन जवळ आला की हा सल्ला दरवर्षी फिरायला लागतो, आता तिकडच्या आपल्या मराठी शिकारी मंडळींमध्येसुद्धा. थोडक्यात असा: रायफलचे ॲक्शन स्क्रू, म्हणजे खालून दस्त्यातून (रायफल धरायच्या, खांद्याला लावायच्या भागातून) जाऊन ॲक्शनला (गोळी भरून उडवणाऱ्या धातूच्या यंत्रणेला) धरणारे दोन-तीन पेच, रायफल कुठलीही असो, 65 इंच-पाउंडला (हे पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळा. जितकं घट्ट तितका नेम पक्का. हा जोर दाखवणारा टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीनेच दमदार पिळा, वर लॉकटाइट (पेच ढिले होऊ न देणारा डिंक) टाका नि विसरा, ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांच्या झुबक्याची रुंदी, दोन इंचावरून एकावर येतो. आणि पुरावा काय, तर टार्गेटचा एक फोटो.

आधी तो 65 चा आकडा. हवेतून आलेला नाहीये तो. दस्त्यात ॲल्युमिनियमचा ब्लॉक किंवा स्क्रूभोवती धातूचे पिलर (नळ्या) असतील तर 60-65 बरोबरच आहे. पण नुसता लाकडी दस्ता, आत पिलर नाहीत, तिथे लोक 35 ते 45 वर थांबतात, आणि उगाच नाही थांबत. रूगर एम 77 घ्या, तिचा पुढचा स्क्रू तिरका जातो, तो ॲक्शनला खाली आणि मागे असा दोन्हीकडे ओढतो, म्हणून त्याला 90 च्या वर टॉर्क सांगतात आणि मधला मात्र जेमतेम टेकवायचा. जुन्या, 1964 च्या आधीच्या विंचेस्टर मॉडेल 70 ला तीन स्क्रू, त्यातला मधलाही फक्त टेकवायचा, कारण तिथे खाली आधार नाही आणि तो 65 ला पिळलात तर ॲक्शनच वाकते. आता ह्या सगळ्यांना एकच आकडा कसा लावायचा ते सल्लागारांनीच सांगावं.

आता ‘जितकं घट्ट तितकं’. रेमिंग्टन 700 चा स्क्रू पाव इंची असतो, तो 65 ला आवळला की ढोबळ हिशेबाने 1300 पाउंडांचा, म्हणजे जवळपास 600 किलोचा दाब येतो, एकेका स्क्रूचा. एवढ्या दाबाखाली लाकूड बसतं. मग थंडीत कोरडं पडून आकसलं की स्क्रू ढिला, परत आवळा, परत बसतं, असं करत करत दरवर्षी ॲक्शन थोडी आत जाते आणि एक दिवस मॅगझिनचा (गोळ्यांचा) डबा ॲक्शन नि खालच्या पत्र्याच्या मध्ये चेपून बसतो. घरी बघायचं असेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून डबा बोटाने हलवा, किंचित हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ॲक्शन दस्त्यावर नाही, डब्यावर बसलीय, आणि मग कितीही आवळा, नेम बिघडतच जाणार. माउझरवाल्यांना हे 1898 मध्येच कळलं होतं, मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळी घातली की लाकूड दबलं तरी अंतर बदलत नाही, शिवाय मुख्य स्क्रू फिरू नयेत म्हणून शेजारी छोटे लॉक स्क्रू.

खरी गोष्ट अशी की स्क्रू नेम देत नाही, बेडिंगने, म्हणजे ॲक्शन दस्त्यात ज्या बैठकीवर बसते तिने, जे दिलंय ते धरून ठेवतो. बेडिंग वाकडं असेल तर जास्त आवळणं म्हणजे ॲक्शनला त्या वाकड्या जागेत जबरदस्तीने बसवणं. तपासायला सोपं आहे: रायफल उभी धरा, दस्त्याच्या पुढच्या टोकाशी रायफलची नळी नि लाकूड दोन्हीवर बोट टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सोडा. नळी सरकल्याचं बोटाला जाणवलं तर ताण आहे. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) असेल तर दोन-तीन हजारांश इंचापर्यंत चालतं, त्याच्यापुढे इपॉक्सीने बेडिंग करून घ्या, पाना ठेवून द्या.

हाताने पिळण्याबद्दल काय बोलायचं! लांब दांड्याची ॲलन की असेल तर 100 कधी गेलं कळतही नाही, आणि आटे गेले की ॲक्शनचं काम निघतं. त्यात गंमत म्हणजे टॉर्क पाना सुद्धा पूर्ण खरं सांगत नाही, लावलेल्या जोरातला बहुतेक जोर घर्षणातच जातो, प्रत्यक्ष दाबायला साधारण दहावा हिस्सा उरतो. म्हणून आट्यांना तेल किंवा ओलं लॉकटाइट लागलं की घर्षण कमी होतं आणि पान्यावर तोच आकडा असूनही दाब बराच वाढतो. ‘65 आणि वर लॉकटाइट’ हे म्हणजे 65 नाहीच. कोरडे तर कायम कोरडे, आणि आधी पुढचा मग मागचा, थोडं थोडं आळीपाळीने, दर वेळी त्याच क्रमाने.

फोटोचं म्हणाल तर तीन गोळ्यांचा ग्रुप आहे तो. काहीही न बदलता त्याच रायफलने तीन-तीनचे ग्रुप काढत राहा, एक दुसऱ्याच्या दुप्पट येणं अगदी नेहमीचं आहे. पाच गोळ्या मारल्या की ग्रुप सरासरी पाव पट मोठाच येतो. आधीचे नि नंतरचे पाच-पाचचे चार ग्रुप दाखवा, मग बोलू.

काही जण म्हणतात, ऑलिंपिकवाले नेमबाजही टॉर्क मोजतात. मोजतात ना. स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं त्या 50 मीटर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण 20 सेंटिमीटर. शिकाऱ्याला ग्रुप अर्धा होण्यापेक्षा झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणी, जागेवर राहिलेला जास्त उपयोगी, आणि तो हलतो ढिल्या स्क्रूमुळे, एवढं मात्र सल्ल्यातलं खरं आहे.

पण झीरो सरकला की आधी स्कोप (नेमाची दुर्बीण) रायफलवर धरणाऱ्या बेसचे आणि रिंगांचे स्क्रू बघा हो, पुष्कळदा भानगड तिथेच सापडते. आणि कृपा करून ते 65 ला आवळू नका, रिंगांना साधारण 15 ते 20 पुरतं, नाहीतर स्कोपची नळी चेपेल.