परसात पोहायचा पूल घ्यायचाय ना? मग जमीन सोडून बाकी सगळं बघा

अभिनंदन, म्हणजे शेवटी ठरलं तर. दोन व्हिडिओ बघून झालेत, निळंशार पाणी, काठाला लाकडी फळ्या, एकजण तरंगत्या गादीवर डोळे मिटून पडलाय, आणि त्या अख्ख्या व्हिडिओत जाळी घेऊन पाण्यातली पानं काढणारं कोणीही दिसत नाही, हे तुम्ही बरोब्बर हेरलंत. टेप वगैरे आणायच्या भानगडीत पडू नका. खिडकीतून एक डोळा मिटून बघायचं आणि म्हणायचं, "आरामात बसतोय की!"

सुरुवात फ्रेमच्या पूलपासून करा, सगळ्यात सोपं काम. खोकं उघडा, पाइप जोडा, कापड ताणा, पाणी सोडा. जमीन आधी एकसारखी करून घ्या असं माहितीपत्रकात पहिल्याच पानावर असतं, पण पहिलं पान कोण वाचतं, माझ्या मेव्हण्यानेही नाही वाचलं. हिरवळ दिसायला सपाटच होती हो. पाणी भरत आलं तेव्हा एका बाजूला ते काठाला टेकलेलं आणि समोरच्या बाजूला काठापासून चांगलं चार बोटं खाली, कारण लेव्हल पाण्याला कळते, मेव्हण्याला नाही. मग त्याने डोकं लावलं, की उताराकडच्या पायांखाली विटा सारू. पाणी न काढता! एक घनमीटर पाणी म्हणजे १००० लिटर, म्हणजे वजनाला एक टन, याच्या पूलमध्ये ते होतं सहा घनमीटर, आणि हा गडी एका हातात वीट धरून दुसऱ्या हाताने पाइप उचलतोय. वहिनी दारातून बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दोरीवरचे टॉवेल काढून आत घेऊन गेल्या. त्या दिवशी पोहले ते फक्त शेजाऱ्यांचे वाफे.

तर तुम्ही म्हणाल हे तकलादू काम नको, पक्कंच करू. शाब्बास. मग फायबरग्लासचा घ्या, तो कारखान्यातूनच अख्खा टबासारखा तयार होऊन येतो, ट्रकवरून, आणि क्रेनने उचलून खड्ड्यात ठेवतात. क्रेन आत येईल का, वरून विजेच्या तारा गेल्यात का, खड्ड्याच्या जागेखाली ड्रेनेजची लाइन आहे का, हे सगळं ट्रक दारात उभा राहिल्यावर बघावं, तोवर मजा राहते. खणलेली माती सैल होऊन फुगते, खड्ड्यात मावत होती त्यापेक्षा जास्त जागा खाते, तेव्हा ढिगाऱ्याला टेकडी म्हणा आणि वर चार झाडं लावा. बाहेरून खडी भरत जाताना आतून पाणीही सोबत चढवत न्यायचं असतं, म्हणजे भिंतीवर दोन्हीकडून दाब सारखा राहतो, पण असली घाईची कामं तुम्ही निवांत नंतर करा. आणि माझा खास सल्ला म्हणजे भर पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करून घासायला घ्यायचा. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, वरचं वजन गेलं की ते खालून ढकलतं आणि अख्खा टब जमिनीबाहेर डोकं काढतो. तुम्ही इतके दिवस ज्याला पूल म्हणत होतात ती होडी होती.

काँक्रीटमध्ये आकार पाहिजे तो मिळतो, किडनीचा म्हणा, गिटारचा म्हणा, फक्त वेळ लागतो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात हे तुमच्या पाहुण्यांना कुठे माहितीये, त्यांना पुढच्याच रविवारी बोलावून ठेवा. व्हिनाइल लायनरवाला, म्हणजे आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावलेला, पण असतो, घरात कुत्रं असेल तर जरूर घ्या, त्याच्या नखांना काम मिळेल.

पाण्याचं काय, ते तर एकदा भरलं की झालं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कली त्याचं माप, ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग, ठेवा म्हणतात, उन्हाने क्लोरीन उडून जातं म्हणतात, म्हणू देत. क्लोरीनच नको असेल तर मिठाचा पूल घ्या आणि त्यातलं यंत्र त्याच मिठापासून क्लोरीन बनवतं हे कोणाला सांगू नका. डोळ्याला झोंबणारा तो वास आला की पाहुण्यांना अभिमानाने सांगा, बघा किती स्वच्छ! तो वास क्लोरीन आणि लोकांचा घाम, लघवी यांच्या संगमातून येतो, पण संगम म्हटलं की पवित्रच. पंप रोज काही तास चालवावा लागतो, तो शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या भिंतीला लागून बसवा, वाफ्यांचा हिशोब तसाही बाकी आहेच.

कुंपणाबद्दल मात्र मस्करी नाही करणार. निदान चार फूट उंच आणि आपोआप बंद होणारं दार, हे पहिल्या दिवसापासून पाहिजे, लहान मूल बुडताना ओरडत नाही.

हां, तर कुठे होतो आपण. मेव्हण्याचा फ्रेमचा पूल आता घडी घालून माळ्यावर पडलाय, दोन पाइप वाकलेत, कापडाला तीन ठिगळं आहेत. कोणाला हवा असेल तर सांगा, तो विटांसकट द्यायला तयार आहे.