डोळ्यांनी ग्राफ बघण्याला ‘भाबडेपणा’ म्हणणाऱ्या वाचकास

सबरूटीनमधून, म्हणजे आपणच लिहिलेल्या प्रोग्रामच्या तुकड्यातून, दिलेली बाउंड्री कंडिशन (मॉडेलच्या कडेवर लादलेली हालचाल) कशी तपासावी, या माझ्या लेखावर परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. मी अबॅकस या ताण-हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डिस्प सबरूटीनमधून ५ मिमी, २० हर्ट्‌झची साइन हालचाल दिली आणि सॉल्व्हरनं, म्हणजे त्यातल्या गणित सोडवणाऱ्या भागानं, दिलेलं डिस्प्लेसमेंट (किती सरकलं ते) तिच्याशी ताडून पाहिलं होतं. त्या वाचकाचं म्हणणं, जे सूत्र लिहिलं तेच परत आलं, मग तपासलं काय? रिअॅक्शन फोर्स (आधारावर उलट येणारं बळ) बघायला हवा होता, ऊर्जेचा ताळा हवा होता. शेवटी ही ओळ: “ग्राफ डोळ्यांनी जुळवणं म्हणजे पडताळणी, हा भाबडेपणा आहे. इंदूरकडून वेगळी अपेक्षाही नव्हती.”

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुद्दा मांडायचा हक्क आपल्याला आहेच, पण इंदूरचा इथे काय संबंध? मी इंदूरच्याच रामबागेत वाढलो, बावीस वर्षं पहाटेची पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीची बस धरली. गावावरून कुणाचं गणित चुकत नाही.

एक चूक कबूल करतो. आउटपुट किती अंतरानं घेतलं, हे ग्राफखाली लिहायचं राहिलं. २० हर्ट्‌झची एक फेरी ५० मिलिसेकंदांची. नेमकं तेवढ्याच अंतरानं आउटपुट घेतलं तर साइनच्या जागी सपाट रेघ दिसेल. मी १ मिलिसेकंदानं घेतलं होतं.

आता भाबडेपणाचं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एका ब्रॅकेटचं काम होतं. हालचाल हीच, ५ मिमी, २० हर्ट्‌झ. गणिताची पहिली स्टेप, म्हणजे टप्पा, ०.११ सेकंदाची, पुढे दुसरी. रिझल्टमध्ये ब्रॅकेटच्या वळणावर ताण एकदम उसळलेला. पत्र्याची जाडी वाढवायचं जवळजवळ ठरलं होतं. माझं मन मानेना. रात्री ऑफिसात थांबून ग्राफपेपरवर हातानं साइन काढली, शेजारी सॉल्व्हरचं डिस्प्लेसमेंट ठेवलं. ०.११ सेकंदापर्यंत दोन्ही एकावर एक. तिथे माझी रेघ ४.७६ मिमीवर होती आणि सॉल्व्हरची एका इन्क्रिमेंटमध्ये (वेळेच्या एका छोट्या पावलात) शून्याकडे कोसळली होती.

कारण काय? सबरूटीनला वेळेचे दोन आकडे मिळतात: टाइम(१) म्हणजे चालू स्टेपची वेळ, टाइम(२) म्हणजे सुरुवातीपासूनची एकूण वेळ. मी टाइम(१) वापरली होती, त्यामुळे दुसऱ्या स्टेपला साइन पुन्हा शून्यापासून सुरू झाली. एक आकडा बदलला आणि ताणाचा तो सुळका गेला. पत्रा होता तेवढाच राहिला.

म्हणून सांगतो, “जे लिहिलं तेच परत आलं” हे वाक्य प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या तोंडी येत नाही. मनात असतं एक, लिहिलं जातं दुसरं आणि सॉल्व्हर करतो तिसरंच. सूत्र कागदावर वेगळं मांडून दोन रेघा शेजारी ठेवल्या की हा फरक दिसतो. तो मी डोळ्यांनीच पाहिला. आपण असं कधी बसून पाहिलंय का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

रिअॅक्शन फोर्सचं म्हणाल तर तोही मी बघतो. १०० मिमी बाजूचा पोलादी ठोकळा, मॉडेलमध्ये त्याचं एकच एलिमेंट (गणितासाठी पाडलेला तुकडा), वस्तुमान ७.८५ किलो. याच हालचालीत कमाल प्रवेग सुमारे ७९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे बेसवर ६२० न्यूटनच्या आसपास बळ यायला हवं. येतं. लेख त्याबद्दल नव्हता, म्हणून लिहिलं नाही. स्थिर असलेल्या वस्तूला सुरुवातीलाच ०.६३ मीटर प्रति सेकंद वेग कसा, हाही आपला एक प्रश्न होता. तिथे हळू चढणारा रॅम्प लावतात, हे या कामातल्या कुणालाही ठाऊक असतं. ऊर्जेचा ताळा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो इथे ओढण्यात अर्थ नाही.

ग्राफखाली १ मिलिसेकंद ही नोंद आज टाकली आहे. पुन्हा लिहाल तेव्हा स्वतःची इनपुट फाइल सोबत जोडा, आणि गावाचं नाव मध्ये आणू नका.