जुन्या गाडीचा इतिहास घेणाऱ्याला कळायलाच हवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेसही गेला. चांगलंच झालं. पण मुंबईत तीस-पस्तीस हजार पगार असलेल्या माणसाला शोरूमची गाडी अजूनही जड जाते. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. पुढे हप्ता, आणि चाळीत किंवा जुन्या सोसायटीत राहत असाल तर पार्किंगची मारामार.

'मुंबईत लोकल आहे, गाडी कशाला?' असं म्हणणाऱ्यांनी गुडघे गेलेल्या आईला दादरचा पूल चढवून दाखवावा. गणपतीला कोकणात जाणाऱ्या रेल्वेची तिकिटं किती मिनिटांत संपतात तेही बघावं. गाडी ही गरज आहे, आणि आपल्यासारख्यांसाठी ती बहुतेक वेळा सेकंड हँडच असते.

मला राग येतो तो इथे. जो कमी पैशांत गाडी घेतो, त्याच्यावरच सगळी जोखीम. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा जास्त. मीटर मागे केलाय का ते कळत नाही. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे एवढं दिसतं. पण ती कधी ठोकली गेली, किती मोठा क्लेम झाला, पाण्यात बुडाली होती का, यातलं काहीही दिसत नाही.

मुंबईत हा प्रश्न साधा नाही. २६ जुलै २००५ ला एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. हिंदमाता, मिलन सबवे, सायन ही नावं आजही दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. 'टोटल लॉस' म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही असं विमा कंपनीने ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही डेंटिंग-पेंटिंग करून, सीट धुऊन पुन्हा बाजारात उभ्या राहतात. चार-सहा महिन्यांनी वायरिंग गंजायला लागतं. तोवर विकणारा फोनसुद्धा उचलत नाही.

माहिती उपलब्धच नाही असंही नाही. पॉलिसी बदलताना नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीची, खात्री एक विमा कंपनी दुसरीकडून करून घेतेच. मग मालकाचं नाव लपवून, फक्त गाडीच्या नंबरावर क्लेमचा इतिहास घेणाऱ्याला का दिसू नये? माझी मागणी एवढीच आहे. जीएसटी कपातीइतकाच, कदाचित त्याहून जास्त, फायदा सामान्य माणसाला यातून होईल.

तोपर्यंत कुणी गाडी बघत असेल तर आधी विकणाऱ्याची चालू पॉलिसी मागा. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस शून्य असेल तर कारण विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग बघा, सीटखालच्या रुळांना गंज आहे का ते बघा. आणि मालकी बदलण्याच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या म्हणून थांबू नका. आरसी बुकवर तुमचं नाव चढेपर्यंत आरटीओचा पाठपुरावा सोडू नका.