दत्तक गाव, गेटच्या बाहेर

अभिनंदन! नवी मुंबईतल्या तुमच्या कॅथलिक विद्यापीठाच्या फादर रेक्टरांनी समाजसहभाग समितीवर तुमचं नाव टाकलंय आणि शुक्रवारपर्यंत विद्यापीठाची 'समाजसहभागा'ची व्याख्या लिहून हवी आहे. घाबरू नका, व्याख्या करायला समाज लागत नाही.

स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनने २००६ मध्ये समाजसहभागावरून विद्यापीठांचं वर्गीकरण सुरू केलं. तिकडची काही कॅथलिक विद्यापीठंही त्यांचीच व्याख्या वापरतात. विद्यापीठ आणि समाज यांच्यात दोघांच्या फायद्याची ज्ञानाची आणि साधनांची देवाणघेवाण, तीही भागीदारीने आणि परस्परतेने. यातला 'परस्परता' हा शब्द सोडू नका. गावालाही काहीतरी विचारावं लागेल असा त्याचा अर्थ निघतो खरा, पण अजून तरी कुणी निघू दिलेला नाही.

मग थोडं रोम घाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी काढलेलं 'एक्स कोर्डे एक्लेझिए' हे फर्मान. नाव लॅटिन असल्यामुळे मीटिंगमध्ये उलट प्रश्न येत नाहीत. त्यातून न्याय, शांतता, निसर्गरक्षण एवढं उचला. वेळ पडल्यास लोकांना न आवडणारं सत्य बोलायचं धाडस विद्यापीठाने दाखवावं, असंही तिथेच म्हटलंय. ते वगळा. भूखंडाच्या भाडेपट्ट्याची फाईल अजून हलायची आहे.

आता गाव. उन्नत भारत अभियान या केंद्र सरकारच्या योजनेत शिक्षणसंस्थेला किमान पाच गावं दत्तक घ्यावी लागतात, आणि गावांच्या बाबतीत नवी मुंबईचा हात कुणी धरणार नाही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यातल्याच एखाद्या गावाच्या भातखाचरावर तुमची लायब्ररी उभी आहे. पहिलं तेच गाव दत्तक घ्या, बसचं डिझेल वाचेल. समारंभात एखादा म्हातारा म्हणेलच, "आमच्याच शेतात उभं राहून आम्हालाच दत्तक?" तो हे आगरीत म्हणेल, आणि इंग्रजी अहवालात त्याचं 'ग्रामस्थांनी भावना व्यक्त केल्या' एवढंच होईल. त्याने १९८४ काढलं तर मात्र सावध व्हा. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. हा विषय गावात एकदा निघाला की संध्याकाळ होते. तेव्हा चर्चा तिथेच थांबवून मुलांना हात धुण्याचं प्रात्यक्षिक सुरू करायला सांगा. (हात धुण्याला बायबलमध्येही आधार आहे, पिलाताचा. येशूला क्रुसावर पाठवताना त्यानेही हात धुऊन जबाबदारी झटकली होती.)

गाव शेजारी असण्यात अडचण एकच, प्रवासाचे तास मिळत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेत पोरांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. बस उरण फाट्यावरून फिरवून आणा. ट्रॅफिक लागलं तर उत्तम, तीही सेवाच. (डिझेलचं मघाशी म्हटलं ते विसरा.) फोटो जिओ-टॅग केलेले हवेत, शिक्षणसंस्थांना दर्जा देणाऱ्या नॅकला चेहऱ्यांपेक्षा अक्षांश-रेखांश जास्त कळतात.

'समाज' कुठून सुरू होतो ते मात्र व्याख्येत स्वच्छ लिहा: गेटच्या बाहेरून. नाहीतर तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीतून पहाटे येऊन वर्ग झाडणाऱ्या बायकाही समाजात धरल्या जातील. मग ठेकेदार त्यांच्या हातात नक्की किती ठेवतो, हे 'न्याय' या सदराखाली तपासावं लागेल, आणि ते सदर तर तुम्ही स्वतःच वर टाकून बसलाय! अगदीच मन खाऊ लागलं तर महिला दिनाला त्यांना स्टेजवर बोलवा, एकेक गुलाब द्या आणि स्टेज त्यांनाच झाडायला सांगा.

एवढं करून शुक्रवारी व्याख्या द्या. पावसाळ्यात तो म्हातारा येईल, तुमच्या नव्या भिंतीने नाला अडला आणि पाणी घरात शिरलं म्हणून सांगायला. वॉचमन त्याचं आधार कार्ड मागेल, कुणाला भेटायचंय विचारेल. म्हातारा म्हणेल, "ज्यांनी दत्तक घेतलं त्यांना." रजिस्टरमध्ये 'भेटीचं कारण' या रकान्यात वॉचमन 'खाजगी' लिहील. लिहू द्या.