पीटीओ क्लच आणि सीटखालची वायर

‘जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा पीटीओ क्लच घरीच फुकटात दुरुस्त करा’ असा एक व्हिडिओ सध्या फिरतोय. पीटीओ क्लच म्हणजे इंजिनाची ताकद गवत कापायच्या पात्यांना जोडणारा आणि तोडणारा, विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच. वडोदऱ्यात पादरा रोडवर माझ्या मामांची नर्सरी आहे. तो व्हिडिओ बघून मामांनी सीटखालची वायर सोलायला घेतली, म्हणून हे लिहावं लागतंय. व्हिडिओतले उपाय चार: सीटचा स्विच बायपास करा, क्लचला २४ व्होल्ट द्या, तिन्ही नट गच्च आवळा, लायनिंग (क्लचचा घासून पकडणारा थर) रॉकेलने धुवा.

पहिला उपाय माणसाचा हात घेईल. चालवणारा सीटवरून उठला की हा स्विच क्लचचा करंट तोडतो, चुंबकाची पकड सुटते आणि क्लचमधलाच ब्रेक पाती थांबवतो. बायपास केल्यावर माणूस उतरला तरी पाती फिरतच राहतात. पावसाळ्यात ओलं गवत डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाखाली, सारखं अडकतं आणि ते काढायला माणूस वाकतोच. ‘आधी इंजिन बंद करायचं, हे आम्हाला कळतं’ असं मामा म्हणाले. कळतं सगळ्यांनाच, पण घाईत विसरतं. अमेरिकेत मागून ढकलायच्या लॉनमोअरला १९८२ पासून कायद्याची अट आहे: दांडा सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. बसून चालवायच्या यंत्रांना तो कायदा लागू नाही, मान्य. पण यांची पाती तर त्याहून मोठ्या इंजिनावर फिरतात! स्विच खराब असेल तर नवीन बसवा.

२४ व्होल्टचा सल्ला देणाऱ्याने गणित तरी करायचं. कॉइलचा रोध ३ ओहम धरा. १२ व्होल्टला ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट. २४ व्होल्टला ८ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. उष्णता चौपट, कॉइल जळणार. पकड कमी असेल तर आधी क्लचच्या प्लगपाशी मीटर लावा. मामांच्या ट्रॅक्टरवर तिथे पूर्ण १२ व्होल्ट पोहोचतच नव्हते, कारण अर्थिंगची वायर गंजली होती. ती घासून बसवली आणि क्लच पकडायला लागला.

नटांबद्दल तो अर्धं बरोबर बोलतो, एवढं कबूल करतो. लायनिंग झिजली की चुंबकाची बाजू आणि प्लेट यांच्यातली फट वाढते आणि चुंबकाला प्लेट ओढवत नाही. बऱ्याच जुन्या क्लचमध्ये हेच तीन नट फिरवून ती फट कमी करता येते, नवा क्लच लागत नाही. पण गच्च आवळायचे नाहीत. फट साधारण ०.३ ते ०.४५ मिलिमीटर लागते. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्यायचा आणि क्लचच्या कडेच्या तिन्ही खिडक्यांत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून सारखी ठेवायची. फटच उरली नाही तर क्लच पूर्ण सुटत नाही, घासत राहतो आणि उरलीसुरली लायनिंगही जळते.

रॉकेलचा तेलकट थर लायनिंगवर राहतो आणि क्लच आणखी घसरतो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने उडवूही नका. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या.